एका वेळी तीनच

लोक त्याला करंटमामा म्हणत. विजेचं काम करतो म्हणून हे नाव पडलं, असं नवख्यांना वाटे. जुनी माणसं मात्र सांगत की धंद्याचा त्यात काही संबंध नाही, हे नाव स्वभावावरून पडलंय. कुणी उघड्या जोडाला चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेलेली दिसली, की मामाचा आवाज दोन मजले वर ऐकू जायचा. वय बासष्ट, सरकारी लायसन, चाळीस वर्षांचा अनुभव. या चाळीस वर्षांत त्याने कारखानदारांना, बँकेच्या साहेबांना आणि एकदा तर वीज खात्याच्या इंजिनियरलाही तोंडावर सुनावलं होतं. एकाच माणसापुढे त्याचा आवाज चढत नसे. तो माणूस म्हणजे त्याचा जावई.

मुलीचं लग्न झालं तेव्हा बायकोने त्याला समोर बसवून बजावलं होतं, "अहो, जगाला काय बोलायचं ते बोला. जावयांशी अहो-जाहोनंच बोलायचं आणि त्यांच्यावर ओरडायचं नाही. तुमच्या तोंडापायी पोरीला ऐकून घ्यायला लागू नये."

नऊ वर्षं मामाने ते पाळलं. तसा जावई काही वाईट नव्हता. फरशा, बेसिनं आणि कमोड ठेवायच्या एका मोठ्या गोदामाचा तो मॅनेजर होता. चलाख, हसतमुख, कामाला वाघ. "होऊन जाईल" हे त्याचं पालुपद. कुठलीही अडचण सांगा, आधी "होऊन जाईल" म्हणायचा आणि मग ती काय आहे ते ऐकायचा.

गोदामात डिझेलवर चालणाऱ्या पाच फोर्कलिफ्ट होत्या. बंद जागेत त्यांचा धूर कोंडायचा आणि पॅकिंगच्या बायका दिवसभर खोकायच्या. शेवटी मालकीणबाईंनी ठरवलं की डिझेलच्या गाड्या विकायच्या आणि बॅटरीच्या घ्यायच्या. जुन्या गाड्या कधी जाणार आणि नव्या कधी येणार याची तारीखसुद्धा त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकली. त्यानंतर चार-पाच दिवसांनी जावयाचा मामाला फोन आला.

"बाबा, चार्जरच्या फॉर्मवर एक टिक राहिलीय. सप्लाय सिंगल फेज की थ्री फेज, असं विचारतायत. कुठं करू?"

"फोनवर टिक करता येत नाही. मी येतो," मामा म्हणाला.

तो गेला. जावयाने त्याला पॅकिंग हॉलची भिंत दाखवली. तिथे ओळीने पाच जुनी सॉकेटं होती. पूर्वी प्लास्टिक चिकटवायची यंत्रं त्यांवर चालत. मुख्य पॅनल गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, माल चढवायच्या धक्क्यापाशी. मामाने भिंतीवरचा बोर्ड उघडला, टॉर्च मारला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"थ्री फेजवरचेच चार्जर मागवा," तो म्हणाला. "मुख्य पॅनलपासून नवी केबल ओढू. चार्जिंगला वेगळा पॅनल, वेगळी खोली. बॅटरी भरताना गॅस सुटतो, त्यामुळे खोली हवेशीर पाहिजे."

"पण बाबा, सिंगल फेजवरचेही मिळतात. तीच बॅटरी भरतात. मग फरक काय?"

"एका गाडीला काही फरक नाही. छोटं दुकान असतं, एकच गाडी असती, तर मीच सिंगल फेज घ्या म्हणालो असतो. इथं पाच आहेत. एकेक चार्जर एका फेजवर अठ्ठावीस अँपिअर ओढणार. थ्री फेजचा घेतलात तर तेच ओझं तीन तारांवर सारखं वाटलं जातं, आणि परतीच्या तारेवर काही येत नाही."

"परतीची तार म्हणजे न्यूट्रल?"

"न्यूट्रल. ही बघा." मामाने टॉर्च खाली धरला. "ही केबल साडेतीन कोअरची. तीन तारा जाड आणि न्यूट्रल त्यांच्या निम्म्याची. जुन्या काळी असंच टाकायचे, तेव्हाचं लोड साधं होतं. हे सिंगल फेजचे चार्जर विजेची लाट सरळ घेत नाहीत, मधलाच लचका तोडतात. तुम्ही ते तिन्ही फेजवर कितीही सारखे वाटा, सगळ्यांचं उष्टं या बारक्या तारेत येऊन पडतं. ती तापणार. आणि जळून तुटली, तर कुठल्या फेजवर विजेचा दाब किती चढेल याचा नेम नाही."

जावयाने मान डोलावली. त्याला समजलं होतं. मामाला पुढे कितीतरी दिवस हेच आठवून तिडीक यायची, की त्या दिवशी त्याला सगळं नीट समजलं होतं.

"थ्री फेजचे चार्जर यायला सहा आठवडे लागतात," जावई म्हणाला. "आणि नवी केबल म्हणजे धक्का खणायला लागणार. चार दिवस माल बंद. जुन्या गाड्या विकून झाल्या बाबा, ते लोक शनिवारी घेऊन जातायत. सिंगल फेजचे चार्जर तयार आहेत, सोमवारी येतात. सॉकेटं भिंतीवर आहेतच."

"मला पटत नाही."

"पाचही एकदम लावायचेच नाहीत. एका वेळी तीनच. शब्द देतो. होऊन जाईल."

समोर दुसरा कुणी असता तर मामाने टेस्टर जमिनीवर आपटून त्याची सात पिढ्यांची अक्कल काढली असती. त्याच्या तोंडापर्यंत आलंसुद्धा. त्याने ते गिळलं आणि म्हणाला, "बघा बुवा. तुमची मर्जी."

आणि ते काम त्यानेच केलं. पाच चार्जर दोन, दोन आणि एक असे तीन फेजवर वाटले. जमतील तेवढे जोड आवळले. लाल रंगाने बोर्डाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : एका वेळी तीनच. पाचही चालकांना जवळ बोलावून प्लग कसा लावायचा, आधी कुठलं बटण दाबायचं, कशाला हात लावायचा नाही, ते दोनदा समजावलं. त्यांत एक अंगाने अगदी काडी होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याने सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. शेवटी जोडणी पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर मामाने आपल्या लायसनचा नंबर घालून सही केली.

पुढच्या रविवारी मुलगी घरी आली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. चहा पिताना तिने सहज विचारलं, "बाबा, यांचं ते चार्जरचं काम तुम्हाला पटलंय ना?"

"चालेल," मामा म्हणाला आणि पेपर तोंडासमोर धरला.

दोन महिने खरंच चाललं. मग एका मोठ्या इमारतीची ऑर्डर आली. गाड्या सकाळपासून न थांबता पळायला लागल्या आणि दुपारपर्यंत बॅटऱ्या मान टाकायच्या. तीन-तीन करून भरायला वेळ पुरेना. जावयाने चालकांना सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत पाचही लावून टाका, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे. पैलवानाने दारावरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवलं. "मी सांगतोय ना," जावई म्हणाला. मॅनेजरनेच सांगितल्यावर चालकांनी पाचही लावले. एक दिवस काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातले दिवे अचानक पांढरेफटक पेटले. पंखे घोंघावायला लागले. पॅकिंगच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या, त्यांनी माना वर केल्या. त्याच वेळी पैलवान पाचव्या चार्जरपाशी उभा होता. त्याची बॅटरी भरत आली होती, ट्रक थांबला होता, म्हणून त्याने बंद करायचं बटण दाबायला हात पुढे केला. हात पोचायच्या आत चार्जर फुटला.

मामा पोचला तोवर पैलवानाला दवाखान्यात नेलं होतं. जमिनीवर पत्र्याचं झाकण पडलेलं, बाजूला एक चप्पल. हॉलमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास भरलेला. मामाने धक्क्यापाशी जाऊन आधी मेन बंद केला, मग परत येऊन बोर्ड उघडला. न्यूट्रलचं थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला आवळलेली धातूची टोपी, काळं कोळसा झालं होतं. तारेवरचं आवरण वितळून मेणासारखं खाली ओघळलं होतं. तार तुटून अर्धं बोट बाजूला लटकत होती. पाचवा चार्जर आपल्या फेजवर एकटा होता, भार सगळ्यात कमी, म्हणून दाब त्याच्यावरच चढला होता. मामाला हे कळायला मीटरची गरज नव्हती. त्याने वळून भिंतीवरचे प्लग मोजले. पाच.

"पाच कुणी लावले?" त्याने विचारलं.

चालक एकमेकांकडे बघायला लागले. पॅकिंगमधली एक वयस्कर बाई म्हणाली, "रोजच लावतात, मामा. बारा दिवस झाले."

एवढ्यात जावई लगबगीने आला. त्याचा शर्ट घामाने भिजला होता. "बाबा, बरं झालं आलात. आधी तेवढं सुरू करता येईल का? बाहेर चार ट्रक उभे आहेत."

मामाने त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा धक्क्यापर्यंत चालत गेला, त्या लाइनचे तिन्ही फ्यूज ओढून काढले, पिशवीत टाकले आणि दवाखान्याची रिक्षा पकडली.

पैलवान खाटेवर पडला होता. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत, मानेवर मलम. त्याची बायको शेजारी स्टुलावर बसली होती. तिने मामाला पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

"मामा, मी प्लगला हातसुद्धा लावला नव्हता," पैलवान घाईघाईने म्हणाला, जणू कुणीतरी त्याला आधीच विचारून गेलं होतं. "आधी बटण, मग प्लग. तुम्ही शिकवलं होतं तसंच. बटणापर्यंतसुद्धा गेलो नाही."

"माहीत आहे मला."

"पाच लावायला नको म्हणत होतो मी. पण तुमचंच काम होतं ना, म्हणून म्हटलं काही होणार नाही."

मामा दाराबाहेर आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती कुणावर काढायची हे त्याला ठरवता येईना. जावई एक होताच. दुसऱ्या माणसाचं नाव तो मनात घ्यायला तयार नव्हता.

रविवारी सकाळी मुलगी आणि जावई घरी आले. मामाच्या बायकोने चहा ठेवला. जावयाने बॅगेतून एक टाइप केलेला कागद काढून मामापुढे सरकवला.

"बाबा, मंगळवारी वीज खात्याचे इन्स्पेक्टर येतायत. त्याआधी हा अहवाल द्यायचाय. खाली कंत्राटदाराची सही हवी."

मामाने चष्मा लावला. चालकाने चार्जर चालू असतानाच प्लग ओढल्यामुळे ठिणगी पडून स्फोट झाला, असं त्यात लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की विद्युत जोडणी योग्य होती आणि सर्व चालकांना सूचना दिलेल्या होत्या. मामाने तो कागद शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"यात तुमचंही लायसन वाचतं, बाबा," जावई हळू आवाजात म्हणाला. "जोडणी योग्य होती असं स्पष्ट लिहिलंय."

"आणि पैलवान?"

"त्याला नोकरीवरून काढायला लागेल काही दिवस. मग मी त्याला दुसरीकडे कुठंतरी चिकटवून देतो. तो काही कोर्टकचेरी करणाऱ्यातला नाही."

"पाच प्लग लावायला कुणी सांगितलं?"

"बाबा, ऑर्डरच तशी होती. मालकीणबाईंचा रोज फोन—"

"कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं."

"मग इथं तसं लिही."

स्वयंपाकघरातला पळीचा आवाज थांबला. लिही. नऊ वर्षांत मामा जावयाशी असं एकेरीत बोलला नव्हता. जावयाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं, काढायचं विसरल्यासारखं.

"काय म्हणालात?"

"लिही म्हणालो. तुला म्हणालो. ऐकू येत नाही का तुला? त्या दिवशी बोर्ड उघडून, टॉर्च धरून, शाळेतल्या पोराला शिकवावं तसं तुला शिकवलं मी. तार तापेल, तुटेल, दाब चढेल. एकेक शब्द खरा झाला. तू मान डोलावलीस. काही न कळणारा माणूस असतास तर मी तुझी कीव केली असती. तुला कळलं होतं. कळूनसवरून तू त्या माणसाला तिथं उभं केलंस, आणि आता त्याच्याच जळलेल्या हातावर खापर फोडतोस? त्या माणसाला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही. बायको भरवते त्याला. आणि तू हा कागद टाइप करत बसलास. स्पेलिंगसुद्धा नीट तपासलंयस."

"अहो," बायको दारातून म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

जावई उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "बाबा, बोललात तेवढं पुष्कळ झालं. मी सांगितलं, हे खरं. पण जोडलं कुणी? दाखल्यावर सही कुणाची आहे? इतकं धोक्याचं होतं तर नाही म्हणायचं होतं. काम सोडून निघून जायचं होतं. तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय मला. तुमची मर्जी, म्हणालात."

मामाने चष्मा काढून बाजूला ठेवला.

मुलगी खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे दोघांनाही माहीत होतं."

मग ती आधी मामाकडे वळली.

"मी विचारलं होतं बाबा, याच खोलीत. तुम्ही चालेल म्हणालात. लहानपणी माझ्या मैत्रिणी आपल्या घरी यायला घाबरायच्या, तुमच्या आवाजाला. दुधवाल्यावर ओरडलात, रिक्षावाल्यावर ओरडलात. एकदाच ओरडायची खरी गरज होती, त्या दिवशी तुम्हाला माझा संसार आठवला." मग ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, तो आणखी खाली गेला होता. "आणि तू. तू हा कागद माझ्या आईच्या घरी, चहाबरोबर आणलास. माझ्यासमोर ते नाही म्हणणार नाहीत म्हणून मला सोबत घेऊन आलास. चल म्हणालास तेव्हा मला वाटलं, भेटायला जातोय."

जावई कागद तिथेच टाकून जिना उतरून गेला. मुलगी गेली नाही. ती चार दिवस माहेरीच राहिली.

दुपारी मामा गॅलरीत बसला असताना बायको शेजारी येऊन उभी राहिली. मामा म्हणाला, "तूच म्हणाली होतीस, जावयावर ओरडायचं नाही."

"हो, म्हणाले होते," ती फणकारली. "वायर चुकीची असली तरी जोडून द्या असं म्हणाले होते का? तुमचं गप्प बसणं माझ्या पदरात टाकू नका. ते तुमचं तुम्ही बघा."

मामाने ते रात्रभर बघितलं. बायकोवरचा, जावयावरचा, मालकीणबाईंच्या तारखेवरचा राग तसाच होता. पण सगळा राग बाजूला सारला तरी दाखल्यावरची सही उरायची, आणि त्या सहीवर ओरडायला दुसरा कुणी नव्हता. सोमवारी त्याने वही काढली आणि दोन पानं हाताने लिहिली.

मंगळवारी गोदामाच्या ऑफिसात इन्स्पेक्टर, मालकीणबाई आणि जावई बसले होते. मामाने ती दोन पानं टेबलावर ठेवली. इन्स्पेक्टर बारीक चणीचा, शांत माणूस होता. त्याने वाचायला बराच वेळ घेतला. मामाने सगळं लिहिलं होतं : केबल साडेतीन कोअरची होती हे त्याला माहीत होतं, असे पाच चार्जर तिच्यावर घालणं चूक आहे हे त्याला माहीत होतं, त्याने थ्री फेजचा सल्ला दिला होता, तो मानला गेला नाही तरी त्याने काम केलं, आणि तोंडी शब्दावर विसंबून दाखल्यावर सही केली. चालकाने प्लग ओढला नव्हता. बंद चार्जरचा प्लग ओढल्याने न्यूट्रल जळत नाही, आणि चालू चार्जरचा ओढल्यानेही जळत नाही. ते थिंबल अकरा दिवस शिजत होतं.

"हे तुमच्याच विरोधात जातंय. कळतंय ना तुम्हाला?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"मीच लिहिलंय. वाचता येतं मला."

इन्स्पेक्टरने पानं जावयापुढे धरली. "तुमचं काय म्हणणं आहे?"

जावयाने ती वाचली. तो दोन दिवसांत उतरला होता, दाढी वाढली होती. टाइप केलेल्या कागदाची दुसरी प्रत त्याच्या बॅगेत होती की नव्हती, ते मामाला दिसलं नाही. मग पानं टेबलावर ठेवून तो म्हणाला, "बरोबर आहे. पाच लावायला मीच सांगितलं होतं. त्याने मला बोर्डावरचं लिहिलेलं दाखवलंही होतं."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मला कुणी सांगितलंच नाही. मला सांगितलं असतं तर मी सहा आठवडे थांबले असते."

"थांबला असतात?" मामा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीच्या पट्टीत आला होता आणि बाहेरच्या बायका दाराशी जमल्या होत्या. "तारीख जाहीर करताना विजेच्या माणसाला एक फोन केला होता का तुम्ही? गाड्यांचा रंग तुम्ही स्वतः निवडलात. भगव्या नकोत, पिवळ्या हव्यात म्हणून दोन बैठका झाल्या, मला ठाऊक आहे. त्या गाड्या भरायच्या कशावर, हे विचारायला एका फॉर्मवरची एक टिक उरली होती, आणि तीही मॅनेजरने फोनवर विचारली. तुम्ही सहा आठवडे थांबला असतात, हे आज बोलायला सोपं आहे."

इन्स्पेक्टर खाली मान घालून लिहीत राहिला.

निकाल महिन्याभराने आला. मामाचं लायसन सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. जावयाला मॅनेजरच्या जागेवरून काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला, छोट्या डेपोत पाठवलं. पैलवानाची नोकरी राहिली आणि हात बरा होईपर्यंत पगार चालू ठेवायचं मालकीणबाईंनी लेखी दिलं. सिंगल फेजचे चार्जर परत गेले. सहा आठवड्यांनी थ्री फेजचे आले, नवी केबल पडली, चार्जिंगला जाळीच्या खिडक्यांची वेगळी खोली झाली. धक्का चार दिवस बंद राहिला. चार दिवसांत कुणाचं काही अडलं नाही. हे ऐकलं तेव्हा मामा घरात इतका संतापला की बायकोने त्याला बाहेर एक चक्कर मारून यायला सांगितलं.

मुलगी चौथ्या दिवशी परत गेली होती, पण एका अटीवर. नवऱ्याने पैलवानाच्या घरी जाऊन, त्याच्या तोंडावर, त्या अहवालाबद्दल सांगायचं. जावई गेला. एकट्याला धीर होईना म्हणून त्याने मामाला बोलावून घेतलं होतं आणि तो जिन्याखाली त्याची वाट बघत थांबला होता. दोघं वर गेले. पैलवानाच्या बायकोने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. जावयाने उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. कागदात काय लिहिलं होतं तेही, शब्दन्‌शब्द. आतून पैलवान "असू दे साहेब, असू दे" म्हणत होता.

बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "झालं सांगून?" ती म्हणाली. "तुम्हाला हलकं वाटलं असेल. यांच्या दोन बोटांना अजून काही लागलेलं कळत नाही. असू दे म्हणायला ते आहेत. मी म्हणणार नाही." आणि तिने दार लावलं.

त्यानंतर मामा दर तिसऱ्या दिवशी पैलवानाला व्यायामासाठी दवाखान्यात नेऊ लागला. लायसन नव्हतं, त्यामुळे वेळच वेळ होता. तो रिक्षा घेऊन खाली थांबायचा. पैलवान उतरून यायचा, रस्ताभर काहीबाही विचारायचा, फेज म्हणजे नेमकं काय, तीनच का असतात, चार का नाहीत. मामा उत्तरं द्यायचा. पैलवानाची बायको गॅलरीतून बघायची आणि आत निघून जायची. तीन महिने ती मामाशी एक शब्द बोलली नाही.

चौथ्या महिन्यात एकदा ती स्वतःच खाली आली. स्वयंपाकघरातलं बटण ठिणग्या मारतंय, म्हणाली, जरा बघाल का. जाताजाता होईल.

मामा वर गेला. बटण पाहिलं. पाच मिनिटांचं काम होतं, पेचकस खिशातच होता. "मी नाही हात लावणार," तो म्हणाला. "माझं लायसन बंद आहे. उद्या माणूस पाठवतो. तोवर हे वापरू नका."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पैलवान आतल्या खोलीत सरकला. "एका बटणाला लायसन लागतं?"

"लागतं."

"तेव्हा एवढे पाच लावलेत, आणि आता हे एक बटण होत नाही तुमच्याच्यानं?"

"नाही होत," मामा म्हणाला.

ती जे बोलली ते सगळं त्याने उभं राहून ऐकलं. बरंच बोलली ती, कित्येक महिन्यांचं. दुसऱ्या दिवशी मामा आपल्या ओळखीच्या वायरमनला घेऊन आला. हात मागे बांधून तो त्याच्या डोक्याशी उभा राहिला. वायरमनने पाच मिनिटांत बटण बदललं आणि जुना जोड तसाच ठेवून त्यावर चिकटपट्टी गुंडाळायला घेतली. मामाचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू गेला. वायरमनने पट्टी सोडली, जोड कापला आणि नव्याने केला. पैलवानाची बायको ओट्याला टेकून शेवटपर्यंत बघत होती. काम झाल्यावर तिने वायरमनला पाणी दिलं, आणि दुसरा पेला मामापुढे, काही न बोलता, ओट्यावर आपटला.